तुम्हाला की तुमच्याशी

"तिसऱ्याला नाव काय देणार?" शिंत्रे सरांनी विचारलं.

त्यांच्या टेबलावर संगणकातून निघालेला लांबलचक कागद पसरला होता. दोन्ही कडांना भोकं असलेला तो कागद टेबलावरून खाली लोंबत होता आणि त्याचं टोक माझ्या चपलेवर आलं होतं.

"अजून सुचत नाही, सर."

"सुचायला कविता आहे का ती? पहिल्याला 'मोकळीक' म्हणालात, दुसऱ्याला 'प्रकृती'. तिसऱ्यालाही काहीतरी म्हणा आणि अहवाल संपवा."

"तिसऱ्यात एकच प्रश्न पडतोय. सतरावा. आणि तोही स्थिर नाही."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. याचा अर्थ, आता नीट सांगा.

ही शहाण्णव सालातली गोष्ट. पुण्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी कोल्हापूरच्या एका लहानशा समाजशास्त्रीय संशोधन संस्थेत लागले होते. आमचं काम इचलकरंजीतल्या कांड्या भरणाऱ्या बायकांवर चाललं होतं. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. या बायका दिवसभर त्या भरतात हे सगळ्यांना दिसत होतं, पण घरात त्यांची स्थिती काय आहे हे कुणालाच धड माहीत नव्हतं. त्यामुळे आम्ही काही सिद्ध करायला निघालो नव्हतो. सर म्हणाले होते, आधी विचारू, मोजू, आणि कशाबरोबर काय हलतं ते बघू. चोवीस प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर एक ते पाच; एक म्हणजे 'कधीच नाही', पाच म्हणजे 'नेहमी'. तीनशे बारा बायका. जी उत्तरं एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात, त्यांचे गट संगणक पाडून देतो. नाव मात्र आपल्याला द्यावं लागतं.

सतरावा प्रश्न होता संवादाचा. घरचे बोलतात का. ज्या बाईशी घरचे बोलतात, तिला माहेरी जायला मिळत असेल, दवाखान्यात वेळेवर नेत असतील, असं मी धरून चालले होते. कागद म्हणत होता, कशाचा कशाशी संबंध नाही.

"मग मी फॉर्म दोघींचे वेगळे करून पाहिले," मी म्हणाले. "राजश्रीच्या फॉर्ममध्ये संबंध सरळ आहे. शालनच्या फॉर्ममध्ये बरोबर उलटा. जिथं घरचे जास्त बोलतात, तिथं बाईची स्थिती जास्त वाईट. दोन्ही एकत्र केले की बेरीज शून्य."

राजश्री मगदूम आणि शालन बुगड या आमच्या दोन अन्वेषक. घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम त्यांचं. राजश्री कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, अक्षर मोत्यासारखं. शालन चाळिशीची, इचलकरंजीचीच. दहा वर्षं स्वतः कांड्या भरून, बाहेरून बारावी होऊन ती इथवर आली होती. पुढच्या महिन्यात पर्यवेक्षकाची जागा निघणार होती आणि ती तिलाच मिळणार हे ठरल्यासारखं होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले. मी पुन्हा पुन्हा तपासत होते."

"शालनला विचारलंत?"

"नाही. विचारलं असतं तर ती सावध झाली असती."

हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. शंका आहे तिथं पुरावा हातात येईपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर नोंद बिघडते, असं मला शिकवलेलं होतं. शालन दर बुधवारी फॉर्म जमा करायला यायची आणि आम्ही एकत्र डबा खायचो. ते तीन बुधवार मी संगणकाच्या खोलीतच जेवले.

सरांनी लोंबणारा कागद टेबलावर ओढून घेतला. मग म्हणाले, "घरी बसून भरलेत. सतराव्याला पोचेपर्यंत कंटाळा आला असेल, लावली खूण उलटी."

"पण मग फक्त सतराव्यालाच कशी, सर? बाकीचे तेवीस प्रश्न दोघींचे जुळतात."

"ते मला काय विचारता? आकडे तुमचे." त्यांनी चष्मा खाली घेतला. "शुक्रवारी जा. शालनचे दहा फॉर्म घ्या आणि त्याच घरांत पुन्हा विचारा. राजश्रीला न्या. शालनला कळू देऊ नका. सोमवारी मला सांगा. फॉर्म खोटे निघाले तर तिचे एकशेसाठच्या एकशेसाठ काढून टाकू आणि तिला तसं पत्र देऊ."

'तसं पत्र' म्हणजे काय हे मला माहीत होतं. जिल्ह्यात अशा कामाच्या संस्था तीन. तिन्ही एकमेकींना विचारल्याशिवाय माणूस घेत नसत. शालन पुन्हा कांडीच्या यंत्रापुढं बसली असती, आणि तेही ज्या गल्ल्यांत लोक तिला 'फॉर्मवाल्या ताई' म्हणू लागले होते, त्याच गल्ल्यांत.

शुक्रवारी सकाळी आम्ही इचलकरंजीला पोचलो. सगळ्या गल्लीत मागांचा एकसारखा खटखटाट. बोलायचं तर तोंड कानाजवळ न्यावं लागत होतं.

पहिलं घर आक्काताई नावाच्या बाईंचं. राजश्री प्रश्न विचारत होती, मी शेजारी शालनचा जुना फॉर्म धरून बसले होते. पहिली सोळा उत्तरं जुळली. एखाद्या ठिकाणी चारच्या जागी तीन, एवढाच फरक.

"आणि घरचे तुमच्याशी बोलतात का?" राजश्रीनं विचारलं.

"बोलत्यात की. न बोलाय काय झालंय?"

"म्हणजे नेहमी?"

"दिवसभर बडबड चालूच असती आमच्यात."

राजश्रीनं पाचला गोल केला. शालनच्या फॉर्मवर एकला गोल होता. कधीच नाही.

पुढचे सात प्रश्न पुन्हा जुळले.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. सतरावा सोडला तर शालनचा फॉर्म म्हणजे त्या घराचा फोटो होता. घरी बसून हे कुणाला भरता येईल? आणि घरी बसून भरलं नसेल, तर समोर बसलेल्या बाईनं पाच सांगितल्यावर हात एकावर जातो कसा? एका प्रश्नापुरता माणूस खोटं बोलतो का, आणि तेही दर घरी? तिसऱ्या घराच्या पायरीवर बसून मी तीन फॉर्म मांडीवर पसरले. मला काही कळेना. आकड्यांनी मला असं कधी केलं नव्हतं. त्यांचं बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं.

"मॅडम, मी समोरच्या घरात पाणी पिऊन आले," राजश्री म्हणाली. "तोवर पुढच्या ताईंना बसवून घ्या."

पुढच्या ताईंचं नाव सुलाबाई. यंत्रावर बसल्या होत्या, केसांत कापसाचा तूस. मागं भिंतीला टेकून सासूबाई लसूण सोलत होत्या. राजश्री येईना, तेव्हा मीच फॉर्म हातात घेतला. काम सुरू होऊन पाच महिने झाले होते आणि छापील फॉर्म मी पहिल्यांदाच मोठ्यानं वाचत होते. माझ्या खोलीत सगळे प्रश्न क्रमांकानंच ओळखले जायचे.

सतरावा आला.

"घरचे तुम्हाला बोलतात का?"

सुलाबाईंनी यंत्र थांबवलं. त्या माझ्याकडे न बघता सासूकडे बघायला लागल्या.

"बोलतो की," सासूबाईच म्हणाल्या. लसणाची पाकळी ताटात टाकली. "न बोलून काय आरती ओवाळू? सांगितल्यालं ऐकत न्हाई म्हटल्यावर बोलायचंच."

"रोज?" मी विचारलं. आवाज माझा मलाच चमत्कारिक वाटला.

"दोन येळंला," सुलाबाई हळूच म्हणाल्या, आणि सासूसकट दोघी हसल्या. हसणं दोघींचं सारखं नव्हतं.

शालनच्या फॉर्मवर पाच होते.

मी छापील ओळ पुन्हा वाचली. घरचे तुम्हाला बोलतात का. तुम्हाला. तुमच्याशी नाही. मराठी माझी मातृभाषा आहे. मला कुणी बोललं तर मी रडते आणि माझ्याशी कुणी बोललं तर मला बरं वाटतं, हे मला तिसऱ्या वर्षापासून कळत असणार.

राजश्री परत आली तेव्हा मी तिला ओळ दाखवली.

"हां, ती छपाईची चूक आहे, मॅडम," ती सहज म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासूनच सुधारून विचारते. 'तुमच्याशी' असं. कुणाला घरात बोलतात का म्हणून कसं विचारायचं? बरं दिसतं का ते?"

"तू मला सांगितलं नाहीस."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असणार. शालनताईपण तसंच विचारत असतील असं वाटलं."

छपाईची चूक नव्हती ती. मला तो कच्चा मसुदा आठवला, माझ्या अक्षरातला. मी लिहिलं होतं, 'मोठ्या गोष्टी ठरवताना घरचे तुम्हाला विचारतात का?' सर म्हणाले, फार लांब होतंय. मी पहिला तुकडा काढला. मग वाचताना दिसलं की 'विचारतात' हा शब्द वरच्याच प्रश्नात येऊन गेलाय. म्हणून तो खोडला आणि वर बारीक अक्षरात 'बोलतात' लिहिलं. 'तुम्हाला' तिथंच राहिलं. छापणाऱ्यानं जे होतं ते छापलं, आणि शालननं जे छापलं होतं ते विचारलं.

दोन मिनिटं मला अगदी हलकं वाटलं. शालन खोटं बोलली नव्हती. तिचा सतरावा प्रश्न वेगळा होता, एवढंच. तिचे आकडे उलटे फिरवायचे: पाचाचा एक, एकाचा पाच. जिला बोलत नाहीत तिची स्थिती चांगली. दोन्ही ढीग एका बाजूला येतील आणि तिसऱ्या गटाला नावही मिळेल. मी मनात गणित मांडतच पुढच्या घरी गेले.

हे घर मालन नावाच्या बाईचं. वय तिशीच्या आत. शालनच्या फॉर्मवर सतराव्याला एक होता, कधीच नाही, म्हणजे माझ्या नव्या हिशेबानं सगळ्यांत चांगलं घर. पण बाकीची उत्तरं? माहेर, कधीच नाही. दवाखाना, कधीच नाही. पोटभर झोप, कधीच नाही. फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं बारीक 'अ' काढलेला होता. हे 'अ' मी आधीही पाहिले होते. 'अपूर्ण' असेल असं समजून, ते संगणकात भरू नका, असं मीच सांगितलं होतं.

राजश्रीला थांबवून मी स्वतः विचारलं, "घरचे तुम्हाला बोलतात का?"

"न्हाई."

"कधीच नाही?"

"न्हाई."

"मग तुमच्याशी बोलतात?"

तिनं कांडी काढली, दुसरी लावली. मला वाटलं यंत्राच्या आवाजात ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "जेवाय वाढ म्हणायचं झालं तर भित्तीकडं बघून म्हणत्यात. भूक लागली, असं. मग मी वाढतो." तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी जातो, मी वाढतो. "दोन वर्सं झाली."

"कशावरून?"

"ते आता कुनाच्या ध्यानात न्हाई."

तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला कुठल्या आकड्याला गोल करायचा ते कळेना. एक हा आकडा बरोबर होता. आणि तोच सगळ्यांत चुकीचाही होता. राजश्री माझ्याकडे बघत होती. मी पेनाला टोपण लावलं आणि तिला कोल्हापूरची बस पकडायला सांगितलं.

शालनचं घर तिथून चार गल्ल्या पलीकडे. ती दारातच भाजी निवडत होती.

"या मॅडम," ती म्हणाली. उठली नाही. "वाट चुकलासा काय?"

"नाही. तुमच्याकडेच आले."

"सकाळपासनं गल्लीत फिरतासा म्हणून कळलं. आक्काताईच्या पोरीनं सांगितलं, तुमच्या मॅडम तुमचं फॉर्म तपासाय आल्यात." तिनं देठ मोडला. "बसा की. उभ्यानं काय बोलायचं?"

मी बसले आणि सगळं सांगितलं. आकडे, सरांचा संशय, पत्र, मसुदा. तिनं मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हंजे मी घरात बसून फॉर्म भरलं, असं वाटलं तुमास्नी," ती शेवटी म्हणाली.

"सरांना वाटलं."

"आनि तुमास्नी?"

"मला काहीच कळत नव्हतं."

"तसं छापलंय म्हटल्यावर तसंच इचारलं. कागदात हात घालू नका, शब्द बदलू नका, तुमीच शिकीवलंय आमास्नी. आनि मला प्रश्न बराच वाटला. कुनी तरी शानं मानूस बसलंय तिकडं, असं वाटलं. बाईला घरात बोलत्यात का, हे कोन इचारतंय?"

"आणि कडेचा 'अ'?"

"अबोला." तिनं ते असं सांगितलं, जसं काही लहान मुलालाही कळावं. "पैल्या घरातच घोळ झाला. बाई म्हनाली, मला कुनी बोलत न्हाई. म्या म्हटलं बरं झालं, आनि एकाला गोल केला. तर बाई रडाय लागली. बोलनी खानारी बाई निदान घरात तरी असती, मॅडम. ज्याला आपलं म्हनतो त्यालाच मानूस बोलतंय. हिच्याकडं तर कुनी बघतच न्हाई. ते लिवायला रकाना कुटं होता? म्हणून कडंला लिवलं. एकोनीस हाइत तसल्या."

"हे मला सांगायला हवं होतं, शालनताई."

"सांगाय आलतो की. दोन बुधवार. एकदा दारात हुबी राहून मॅडम म्हणून हाक मारली. तुमी कागदातनं मान वर काडली न्हाईसा. म्हटलं कामात असतील. दुसऱ्या बुधवारी डबा उघडून बसलो वाट बघत." भाजीचं ताट तिनं बाजूला ठेवलं. "चूक झाली वाटत हुती तर बोलायचं हुतं मला. चार मानसांत बोलला असतासा तरी चाललं असतं. तुमी माझ्याशी बोललाच न्हाईसा."

नोंद बिघडू नये म्हणून, हे तिथं बसून सांगण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "सरास्नी काय सांगनार?"

"चूक माझी आहे म्हणून."

"छपाईची म्हणा. छापनारा काय हितं भांडाय येतोय?"

ती मला वाट काढून देत होती की मी ती घेते का ते बघत होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

सोमवारी मी सरांना मसुदाच दाखवला, खोडलेला शब्द आणि वरचं बारीक अक्षर. शालनला आणि राजश्रीला मी मुद्दाम खोलीत बोलावून घेतलं होतं. सरांनी मसुदा वाचून बाजूला ठेवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पत्र नाही, काही नाही. शालनबाई, तुमचे फॉर्म राहतील. सतरावा प्रश्न तेवढा काढून टाकू. तेवीस पुरेत. तिसऱ्या गटाची कटकटही गेली."

"आणि एकोणीस बायका?" मी म्हणाले. "त्या फक्त सतराव्यातच दिसतात."

"एकोणिसांवर काही सिद्ध होत नाही, टेंबे."

"आपण सिद्ध करायला गेलोच नव्हतो, सर."

ते हसले. वाईट माणूस नव्हता तो. "टीप टाका मग. तीन ओळींपेक्षा जास्त नको."

टीप मी लिहिली. अहवालाच्या एकशेचौदाव्या पानावर, तळाशी, बारीक टायपात. ती कुणी वाचल्याचं माझ्या कानावर नाही. मालनच्या घरी मी पुन्हा गेले नाही. गेले असते तर काय विचारलं असतं, हेही मला ठरवता आलं नाही.

शालन पर्यवेक्षक झाली. पुढं अकरा वर्षं आम्ही एकाच खोलीत समोरासमोर बसलो. कुठलाही प्रश्न छापायला जाण्याआधी ती तो मोठ्यानं वाचायची, एकदा शुद्ध भाषेत आणि एकदा इचलकरंजीच्या. माझ्याशी ती सगळं बोलायची. गुडघ्याचं दुखणं, मुलीला आलेली स्थळं, जावेनं बळकावलेली खोली. बुधवारचा डबा पुन्हा एकत्र सुरू झाला आणि तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता माझ्या झाकणात पडू लागली.

राजश्रीच्या हातून काही चुकलं की शालन तिला सगळ्यांसमोर फाडफाड बोलायची. राजश्री तोंड फुगवून बाहेर जायची आणि तासाभरात येऊन तिच्याच खुर्चीला खुर्ची लावून बसायची. चुका माझ्याही होत होत्या. एकदा तर अख्ख्या एका गावातल्या बायकांची वयं मी मुलांच्या वयांच्या रकान्यात भरली होती आणि त्यावर आठवडाभर हिशेब करत बसले होते. शालनच्या ते लक्षात आलं. तिनं दोन दिवस बसून सगळं नीट केलं, कागद माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाली, "हे एवढं बघून घ्या, मॅडम."

मला ती एकदाही बोलली नाही.